कल्पीची बोटीवरची नोकरी

"आजी, फोन नातीकडं द्या," कप्तान सांगत होता आणि मी काय देत नव्हते. कल्पी माझ्यासमोर नुसत्या येरझाऱ्या घालत होती. गोव्यात श्रीमंतांच्या यॉटवर डेक धुवायला, दोर बांधायला माणूस पाहिजे होतं. कल्पीनं अर्ज केलता, आणि यानं 'अनुभव नाही' म्हणून तिला दोन वाक्यांत कटवलं. फोन स्पीकरवर होता, मी सगळं ऐकलं, तवाच फोन हिसकला.

"समुद्र तरी बघितलाय का तिनं?"

"माजलगावचं धरण बघितलंय."

"बोट सारखी हलते, आजी. तिला सोसायचं नाही."

"आमी मेंढरंवाले. आमचं बिऱ्हाड आठ महिने हलतंच असतंय. मी शाळेत न जाता वाचायला शिकले, ही दोर बांधायला शिकणार न्हाई?"

"अहो, अनुभवाशिवाय आम्ही कुणालाच घेत नाही!"

"मग तुमाला पहिल्यांदा कोणी घेतलं?"

"माझ्या काकांची बोट होती."

कल्पीनं कपाळाला हात लावला. माझं डोकं मात्र लई फिरलं. पुढं मी जे बोलले त्यावर तो खदखदून हसला आणि म्हणाला, "सोमवारी पाठवा, महिनाभर बघतो."

मी एवढंच म्हणाले होते, "हिला बोटवाला काका न्हाई, तवा आजपासून तुमीच व्हा."