उजव्या बाजूचं पॅनल

(चौक गावाजवळ, घरामागची गॅरेजची शेड. भर दुपार.)

हर्षला : काढ आणि परत लाव. माझ्या डोळ्यांसमोर लाव, दादा.

प्रवीण : सकाळपासून तेच करतोय. हे बघ. हातोडी नाय, ठोकळा नाय. अंगठ्यानं दाबलं, बसलं. कडेला नख जातंय का बघ.

हर्षला : नाही जात. मग नाचायचं सोडून असा पांढरा का पडलास? वर्षभर हेच शोधत होतास ना? बाबांच्या स्कूटरला उजव्या बाजूचं पॅनल. त्या कोपऱ्यात ढीग लागलाय. आणि बसलं, तर मला कामावरून बोलावून घेतोस?

प्रवीण : त्या ढिगातलं एक बी बसलं नाय. कुठं बोट आत जातं, कुठं भोकाला भोक जुळत नाय. मला वाटायचं, हल्लीचा पत्राच भिकार. तसं नाय गं. आपली गाडीच वाकडी हाय.

हर्षला : वाकडी?

प्रवीण : बाबानं म्हशीवर घातली होती ना एकदा. मागचा सांगाडा आत दबला. तो काय सरळ होईना, तर नामा डेंटरनं पॅनलच ठोकून वाकडं केलं, गाडीवर बसंल असं. सरळ पॅनल ह्या गाडीला बसणार नाय, न ह्या गाडीचं पॅनल जगात दुसऱ्या गाडीला बसणार नाय.

हर्षला : म्हणजे हे बाबांच्याच गाडीचं...

प्रवीण : हळू बोल. कोपऱ्यात खरवडून बघितलं. वर गुलाबी, खाली आपला हिरवा.

हर्षला : आणलंस कुठून?

प्रवीण : चांगोशेठच्या फार्महाऊसवरनं. गेटच्या वेल्डिंगला गेलतो. तिथं भिंतीवर जुन्या गाड्यांचे पत्रे रंगवून टांगलेत, कुंड्या म्हणून. मुंबईची माणसं त्याच्यापुढं उभी राहून फोटो काढतात. जागृती म्हणून मॅनेजरबाई हाय, ती बोलली, ही कुंडी खालनं गळते, पायजे तर घेऊन जा.

हर्षला : बाबा खालापूरच्या तहसील कचेरीत कशाला निघाले होते त्या दिवशी? हे फार्महाऊस उभं आहे ती जमीन शेठनं नावावर करून घेतली, त्याच फेरफारावर हरकत घ्यायला. पोचलेच नाहीत. नाल्यात सापडले. आणि पोलिसांनी कागदावर काय लिहिलं? स्कूटर घसरली, पॅनल पाण्यात वाहून गेलं.

प्रवीण : म्हायती हाय मला.

हर्षला : वाहून गेलेलं पॅनल भिंतीवर चढतं का रे? बाप नाल्यात आणि बापाच्या गाडीचा पत्रा ह्याच्या भिंतीवर! मनीप्लांट लावलं त्यात हरामखोरानं!

प्रवीण : तेला तरी कुठं म्हायती असंल. तेच्या माणसांनी तवा उचलून गोडाऊनला टाकलं असंल, मागनं डेकोरेशनवाल्यानं भंगारासोबत रंगवलं. पण आता तेला कळलंय.

हर्षला : कसं?

प्रवीण : मी स्टेटसला ठेवलं. खरवडायच्या आधी. आनंदात होतो गं. ‘बाबांच्या गाडीचं पॅनल शेवटी मिळालं, केसाची फट नाय.’ खाली फार्महाऊसचं नाव टाकून आभार मानले.

हर्षला : आभार?

प्रवीण : आमच्यात रीत हाय तशी. ज्याच्याकडनं जुनं सामान मिळालं, तेचं नाव घ्यायचं. स्कूटरवाल्यांच्या ग्रुपवर बी टाकलं. नंतर पुसलं, पण तेनं बघितलं. आवाज रेकॉर्ड करून पाठवलाय. बोलतो, ‘पोरा, ती कुंडी बाईनं चुकून दिली. टेंपोवरच्या नीलेशला धाडतो, तेच्याकडं दे. न आईला सांग, मी विचारलंय.’

हर्षला : उचल. गाडी टेंपोत घाल, पॅनल लावून. थेट अलिबागला जाऊ, पोलिसांच्या मोठ्या साहेबासमोर उभी करू.

सोनुबाई : कुठं नाय जायाचं.

प्रवीण : आई? तू कवा आलीस?

सोनुबाई : नीलेश आला का ते तेच्या हातात दे. न हात जोड.

हर्षला : हात जोडायचे? कशाला, आई? बाबांना मारल्याबद्दल?

सोनुबाई : बाय, तुला शाळेतनं काढून कशेळ्याला मामाकडं का धाडली, म्हायती हाय तुला?

हर्षला : घरात खाणारी तोंडं जास्त झाली म्हणून.

सोनुबाई : तेराव्याला चांगो आलता. ओटीवर बसला, चहा प्यायला. मला बोलतो, ‘वहिनी, पोरगी कुठल्या गाडीनं शाळंत जाते? येताना एकलीच असते ना?’ येवढंच. आवाज बी चढवला नाय. दुसऱ्या दिशी तुला जीपमधी बसवली.

हर्षला : आई... मी तुला किती बोलले गं त्यावरून. अजून बोलते.

सोनुबाई : बोल. जित्ती हायेस म्हणून बोलतेस.

प्रवीण : पण हे दिलं, तर आपल्या हातात काय राहत नाय, आई.

सोनुबाई : तुमी राहता.

हर्षला : किती दिवस? तू गप्प बसलीस, तो थांबला का? शेजारची शेतं गिळलीच ना त्यानं? आज आईला विचारलंय म्हणतो. उद्या विचारेल, प्रवीणची भाविका बालवाडीत कुठल्या रिक्षानं जाते. तिला कुठल्या मामाकडे पाठवशील?

प्रवीण : हर्षला, पोरीचं नाव काढू नको. देऊन टाकतो मी हे तेला.

हर्षला : दे. सगळेच देतात, म्हणून तर तो शेठ झाला.

सोनुबाई : प्रवीण.

प्रवीण : काय?

सोनुबाई : हा पत्रा न तुज्या ढिगातला पत्रा. कोण वळखंल का, कुठला कुठला ते?

प्रवीण : गाडीला लावल्याबिगर देव बी वळखणार नाय.

सोनुबाई : गुलाबी रंग हाय तुज्याकडं?

हर्षला : आई!

सोनुबाई : येळ नाय, बाय. मला जास्ती बोलाया लावू नको. रंग हाय का, रं?

प्रवीण : हाय. लग्नाच्या रथाला आणलेला स्प्रे उरलाय.

सोनुबाई : ढिगातल्या एकाला मार मग. आतनं माती फास, खाली भोक पाड. न तू, बाय, ह्यांचा पत्रा गोणपाटात बांध. भाताच्या कणगीत खाली घाल, पार तळाला.

हर्षला : घातला तळाला. आणि गाडी?

प्रवीण : माजा बी रंग मारून झाला. ताडपत्री टाक गाडीवर. लवकर. टेंपोचा हॉर्न वाजला.

नीलेश : प्रवीण! हायेस का रं? काकी, बऱ्या हाव ना?

सोनुबाई : बरी हाय. ये, नीलेश.

नीलेश : शेठनं डोकं खाल्लंय. फोनवर फोन. कुंडीसाठी येवढी घाई कोण करतं? आन बाबा ती.

प्रवीण : ही घे.

नीलेश : स्टेटसला तर बोललास केसाची फट नाय. मग गाडीवर नाय ते?

प्रवीण : शेठनं मागितलं, म्हणून काढलं.

नीलेश : प्रवीण.

प्रवीण : काय रं?

नीलेश : माजा अंगठा बघ.

सोनुबाई : नीलेश, बाळा...

नीलेश : गुलाबी झाला, काकी.

हर्षला : नीलेश, तू बाबांच्या स्कूटरवर पुढे उभा राहून शाळेत जायचास. आठवतंय ना?

नीलेश : आठवतंय. म्हणून बोलतो, मला काय सांगू नको. मला बी दोन पोरं हायत, न मी तेच्या दारात राहतो. तो असा साधा बोलतो ना, तवाच मला भ्या वाटतं. हे शेडच्या छपरावर उन्हात वाळाया ठेव, प्रवीण. मी चौकात चहा पिऊन येतो.

सोनुबाई : चहा हितंच टाकते की. बस ना.

नीलेश : नको, काकी. हितं बसलो तर मला बघाया लागंल.