स्पिरिटचा बोळा

धनश्री : शून्य? असं कसं शून्य? परत एकदा लावून बघा ना, विजूताई.

विजयमाला : दोनदा लावलं, धनश्री. दोन्ही वेळेला तेच. तुझ्या नवऱ्याच्या रक्तात दारू नाही. तू आधी खाली बस बरं. कपाळातून परत रक्त यायला लागलंय. हा कापूस धर. दाबून धर.

धनश्री : मशीन चुकलं असेल.

विजयमाला : चुकलं असतं तर सकाळपासूनचे सगळेच रिपोर्ट चुकले असते.

कडूबाई : पेलाच असंल गं त्यो, मॅडम. पेल्याबगर कुणी असं मारतंय व्हय? सोताच्या बायकूला?

धनश्री : आत्याबाई, अंजूला जरा तिकडं घ्या ना. ती माझ्या तोंडाकडंच बघतेय... ताई, वेळ गेली असेल. आपल्याला कॉलेजात शिकवलं होतं, दारू रक्तातून तासातासाला उतरते.

विजयमाला : उतरते ना. किती वाजता मारलं?

धनश्री : दहाला पाच-सात मिनिटं कमी होती. अंजूला पेज भरवत होते.

विजयमाला : आणि मी साडेअकराला रक्त घेतलं. माणूस प्यायलेला असेल तर दीड तासात शून्यावर येत नाही. काल संध्याकाळी प्याला आणि आजपर्यंत उतरली, असं होऊ शकतं. ही तपासणी फार मागचं सांगत नाही, काही तासांचंच सांगते. पण आज हात उचलला तेव्हा प्यालेला होता का, एवढंच तुझं विचारणं असेल, तर नव्हता.

धनश्री : लिव्हरचं? जीजीटी? रोज पिणाऱ्याचं वाढतं ना ते?

विजयमाला : तेही केलं. नॉर्मल आहे. त्याच्यावर मी शपथ घेणार नाही. पिऊनही कुणाकुणाचं नॉर्मल येतं, आणि थेंब न पिणाऱ्याचं नुसत्या गोळ्यांनी वाढतं. ते सोड. तू सांग, वास येत होता?

धनश्री : ...साबणाचा येत होता. अंघोळ करून आले होते.

कडूबाई : साबणाखाली वास दबतो.

विजयमाला : मावशी, रक्तात नाही दबत. पण धनश्री, मला एक कळत नाही. दारू निघावी असं तुला का वाटतंय?

धनश्री : बॉण्डमुळं. दिवाळीत ह्यांनी माझं बोट मोडलं. हे बघा, अजून वाकत नाही. तेव्हा माझ्या माहेरी चकलांब्याला बैठक बसली. बैठकीचे पंच विठ्ठलराव म्हणाले, पोरगं गुणाचं आहे, दारू तेवढी वाईट. मग स्टॅम्पपेपरवर लिहिलं की यापुढं अंगदनं दारू पिऊन हात उचलला, तर सून लेकराला घेऊन कायमची माहेरी जाईल, कुणी आडवं येणार नाही. फक्त त्याच दिवशी रक्त तपासून पुरावा आणायचा. ह्यांची सही, बाबांची सही, विठ्ठलरावांची सही.

विजयमाला : आणि न पिता उचलला तर?

धनश्री : ते लिहिलंच नाही.

विजयमाला : कुणीच?

धनश्री : कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मी बी.एस्सी. झालेली. मी दोनदा वाचलं, आणि खाली सही केली.

विजयमाला : अगं बाई.

धनश्री : म्हणून तर हे स्वतःच गाडी काढून पुढं निघाले. म्हणाले, चल धारूरला, तपासू रक्त. आम्ही मागून रिक्षात. तुम्ही सुई टोचली तेव्हा हसत होते, बघितलंत ना?

विजयमाला : बघितलं. मला वाटलं, सुईला घाबरून हसतोय.

धनश्री : ते कशालाच घाबरत नाहीत. सकाळी आले, आधी अंजूला माझ्या कडेवरून काढलं. हळूच. झोक्यात ठेवलं, एक झोका दिला. मग दाराला आतून कडी. मग हातातलं घड्याळ काढून टीव्हीवर ठेवलं. आणि मग माझे केस धरून डोकं ज्वारीच्या कोठीवर आपटलं. कोठीला पत्र्याची धार आहे, तिथंच. दुसऱ्यांदा आपटताना जागा बघून आपटलं, ताई. मला दिसलं ते. मग खाली पाडून बरगडीत लाथा. मोजून घालाव्यात तशा, एक, थांबायचे, मग दुसरी.

कडूबाई : बास कर आता. लेकरू ऐकतंय.

धनश्री : लेकरानं बघितलंय, आत्याबाई. ती रडायला लागली तर झोक्याची दोरी हातात धरून म्हणाले, हिला पण पाहिजे का?

विजयमाला : कारण काय झालं होतं?

धनश्री : पेज जास्त झाली, उरेल, म्हणाले.

विजयमाला : ...पाणी पी. पी आधी.

धनश्री : ताई, रक्त घेताना तुम्ही त्यांचा दंड कशानं पुसलात?

विजयमाला : साबणाच्या पाण्यानं. दारूची तपासणी असली की स्पिरिट लावायचं नसतं. स्पिरिट म्हणजे दारूचीच बहीण. बोळ्यातलं सुईबरोबर आत गेलं तर रिपोर्ट बिघडतो.

धनश्री : म्हणजे शून्य येत नाही.

विजयमाला : नाही येत.

धनश्री : नळीत अजून रक्त आहे ना?

विजयमाला : धनश्री.

धनश्री : एक थेंब, ताई. त्या बाटलीतला. तुम्ही तिकडं तोंड करा, मी टाकते. तुम्हाला माहीतच नाही असं होईल.

विजयमाला : वेडी झालीस का? ही माझी सही असते खाली. उद्या कुणी दुसऱ्या लॅबला पाठवलं तर? ह्याच नळीतून तिथंही दारूच निघेल, पण मग मी रात्रंदिवस...

धनश्री : निघायच्या आधी मला रिक्षात बसवताना ह्यांनी काय सांगितलं माहितेय? शून्य येऊ दे, म्हणाले, मग घरी गेल्यावर राहिलेलं देतो. बाबा मला ठेवून घेणार नाहीत, ताई. बॉण्ड दाखवतील. दारू निघाली असती तर ठेवलं असतं, म्हणतील. मला अंजूला घेऊन तिथून निघायचंय, बस. खरं-खोटं मला नंतर विचारा.

(बाहेरून दारावर लाथ बसते. काचेचं कपाट हलतं.)

कडूबाई : अंगद्या! टायम लागतोय आजूक! मशीन थंड हुया लागलंय, गप बस बाहीर!

विजयमाला : मावशी, ती वरची कडी लावा. घट्ट.

कडूबाई : लावली.

धनश्री : ताई, लवकर.

विजयमाला : दे इकडं. तू नको, मी टाकते. बोळा पिळते नुसता. देवा, क्षमा कर.

कडूबाई : ठिव ते, मॅडम.

धनश्री : आत्याबाई, तुमच्या पाया पडते. तुमचा मुलगा आहे, मला कळतंय...

कडूबाई : त्येच्यासाठी न्हाई म्हणत. तुह्यासाठी म्हणाया लागले. दारू घालू नगंस त्या नळीत.

विजयमाला : का, मावशी? तिला तेवढीच एक वाट आहे.

कडूबाई : वाट न्हाई, त्यो फेरा हाय. मी तीनदा चालले त्यात. ह्येचा बाप, धुळाजी, मेला बिचारा... बिचारा कशाचा. मपल्या भावांनी तीनदा बैठक बशिवली. तीनदा त्यानं बिरोबाम्होरं भंडारा उचलून, शपथ घिऊन दारू सोडली. हरेक बारीला लोक म्हणले, बाई, माणूस न्हाई वंगाळ, बाटली वंगाळ. बाटलीला शिक्षा झाली अन मला परत नेऊन घातलं. आता ह्यात दारू निघू दे. अंगद्याला दारू सोडायच्या दवाखान्यात घालतेल. दोन महिन्यानं हार घालून आणतेल. अन तुला न्यायला विठ्ठलराव सोता गाडी घिऊन येतेल. म्हणतेल, आता सुधारला, कर संसार.

धनश्री : पण बॉण्डमध्ये कायमची लिहिलंय.

कडूबाई : भंडाऱ्यापरीस का मोठा हाय त्यो कागुद?

विजयमाला : मावशी, तुमचा हा हात...

कडूबाई : सोमवती अवस हुती. धुळाजीला निरंकार उपास. पान्याचा घोट न्हवता प्वाटात. मेंढराच्या वाड्याचा दांडका घेतला अन मपला हात कोपरापसून मोडला. शुद्धीत. शांत व्हता लई. दुसऱ्या दिशी आया-बाया इचाराया आल्या. मी काय सांगितलं त्यास्नी?

धनश्री : काय?

कडूबाई : पेले व्हते, म्हणले. मीच म्हणले. पेला व्हता म्हणलं की घरात ऱ्हाता येतं, पोरी. न्हाईतर त्या माणसासंगं निजावं कसं?

विजयमाला : बसा, मावशी. ह्या स्टुलावर बसा.

कडूबाई : म्हून सकाळधरनं मी बी तेच बोलाया लागले. पेला असंल, पेला असंल. पेला न्हवता त्यो. मला ठावं हाय.

धनश्री : तुम्हाला कसं? तुम्ही तर बाहेर होतात. दाराला कडी होती.

कडूबाई : खिडकीला न्हवती.

धनश्री : तुम्ही बघत होतात?

कडूबाई : सगळं बघितलं.

धनश्री : आणि हाक नाही मारलीत.

कडूबाई : न्हाई मारली. भ्याले त्याला. पदराचा बोळा तोंडात धरला अन हुबी ऱ्हायले. आता शिव्या दे मला. दे की.

धनश्री : ...नाही देत. दम लागतोय मला, बरगडी दुखतेय. ताई, तो रिपोर्ट जसा आहे तसा छापा.

विजयमाला : शून्य?

धनश्री : शून्य. वेळ पण घाला. मारलं कधी, रक्त घेतलं कधी. उद्या तो कोर्टात म्हणाला की मी नशेत होतो, तर हाच कागद त्याच्या तोंडावर.

विजयमाला : छापते. आणि आधी ११२ लावते. दार उघडायचं नाही, कुणी काही म्हणू दे... हॅलो? धारूर. बाजारपेठेतली लॅब. बाईला नवऱ्यानं मारलंय, डोकं फुटलंय. तो बाहेरच आहे, दार तोडतोय. हो, लहान मूल आहे आत. लवकर या... निघतायत म्हणे.

धनश्री : त्यांनी विचारलं तर? बघितलं कुणी, म्हणून?

विजयमाला : तेच म्हणते. तू तुझा अर्ज आताच लिहून ठेव. मी लिहिते, तुझ्या हातानं नाही व्हायचं. सांग तू. तारीख, वेळ... साक्षीदार म्हणून कुणाचं नाव घालू?

धनश्री : माहीत नाही. राहू दे मोकळं.

कडूबाई : मोकळं कावून ठिवतीस? कडूबाई धुळाजी. लिही.

विजयमाला : मावशी, विचार करा. बाहेर तो आहे. उद्या घरी जायचंय तुम्हाला.

कडूबाई : अंजूला धर गं धनश्री, मला अंगठा द्यायाचाय. कुटं द्यू?

विजयमाला : इथं, खाली. थांबा, आधी वरचं भरू दे. आरोपीशी नातं?

कडूबाई : आई.