लॅपटॉपखालचं कुंकू

(दुपारची सामसूम. कोपऱ्यातला इन्व्हर्टर टीं-टीं करू लागतो.)

मंजू : आई, लाइट चली गई.

रसिका : कळलं गं. हात नको लावूस तिकडे. बाबा, तुम्हीही खुर्ची सरकवू नका, वायर पायात येईल.

गजाननराव : मी कुठे सरकून राहिलो? श्वाससुद्धा तुला विचारून घेऊन राहिलो. किती झालं?

रसिका : ब्याऐंशी टक्के. आता मधेच बंद पडायला नको, एवढंच. तसं झालं तर ती चिप कायमची जाते म्हणे.

गजाननराव : ही चिप म्हणजे नेमकी काय चीज आहे?

रसिका : आत एक छोटीशी असते, बाबा. लॅपटॉपमधलं सगळं कुलूपबंद, आणि किल्ली तिच्या ताब्यात. तिच्या आतलं सॉफ्टवेअर जुनं झालंय, नवं टाका, असा निरोप रोज यायचा ना?

गजाननराव : यायचा. मी रोज 'नंतर' दाबायचो.

रसिका : आठ महिने?

गजाननराव : तुझी सासूही तेच दाबायची. घरची रीत म्हणून चालू ठेवली मी.

मंजू : आजीचा लॅपटॉप बीमार आहे का?

रसिका : नाही बाळा. त्याला लस देतोय. तुला दिली होती ना, तशी.

मंजू : पण तो रडत नाहीये.

गजाननराव : तुझ्यापेक्षा शहाणा आहे तो. हे बघ, पट्टी पूर्ण भरली. झालं न बाप्पा एकदाचं.

रसिका : थांबा, अजून एकदा बंद होऊन चालू होईल. मग झालं.

मंजू : चालू झाला. पण नीला नीला झाला सगळा.

गजाननराव : काय म्हणून राहिला तो? माझा चष्मा आत राहिला. रसिका? बोल न.

रसिका : किल्ली मागतोय. अठ्ठेचाळीस आकडी.

गजाननराव : आपण तर कधी दिली नाही अशी किल्ली.

रसिका : कारण चिप स्वतःच द्यायची. आता ती नवी झाली आणि जुनं विसरली. अपडेटच्या आधी कुलूप थोडा वेळ थांबवून ठेवायचं असतं, बाबा. लिहिलं होतं तसं. मी हिला वरणभात भरवता भरवता वाचत होते, ती ओळ निसटली.

गजाननराव : ठीक आहे. निसटते एखादी ओळ.

रसिका : ठीक कसं? आईंनी मंजूसाठी सांगून ठेवलेल्या गोष्टी ह्यातच आहेत, सोळाच्या सोळा. दुसरीकडे कुठेच नाहीत. किल्ली मिळाली नाही तर आईंचा आवाज गेला. पेन ड्राइव्हसुद्धा आणून ठेवलाय मी. रविवारी काढून घेते म्हणत होते. कितीतरी रविवार.

गजाननराव : आधी डोळे पूस. पोरगी बघून राहिली. लाव फोन तुझ्या नवऱ्याला, सत्यजितला.

रसिका : तो ह्या वेळी प्लांटवर असतो, मोबाइल लॉकरमध्ये. पण लॅपटॉप घेतला तेव्हा त्यानेच आईंना बजावलं होतं, किल्ली कागदावर लिहून लॅपटॉपपासून लांब ठेवा म्हणून.

गजाननराव : लांब? विमलने ती लॅपटॉपच्याच बुडाला चिकटवली. म्हणाली, किल्ली लांब असली की ऐनवेळी कुलूप तोडावं लागतं.

रसिका : खाली आहे? काय हो बाबा, आधी नाही का सांगायचं? मंजू, पाय उचल जरा. हं, हा बघा कागद. आईंचंच अक्षर. पण हे लाल काय सांडलंय ह्याच्यावर?

गजाननराव : सांडलं नाही.

रसिका : मग?

गजाननराव : कुंकू आहे. खंडेनवमीचं.

रसिका : लॅपटॉपच्या खाली?

गजाननराव : छत्तीस वर्षं प्लांटमध्ये मशीनला हळदकुंकू लावलं मी. रिटायर झालो तशी घरात पूजा करू लागलो. स्कूटर, मिक्सर, शिलाई मशीन, हा. विमल म्हणायची, माझ्या लॅपटॉपला वर डाग नको, खाली लावा काय ते. म्हणून खाली.

रसिका : पण ह्या वर्षी तर आपण सणच केला नव्हता.

गजाननराव : नव्हता करायचा. वर्ष झालं नव्हतं तिला. पण यंत्रांनी काय पाप केलं? तुम्ही दोघं बाजारात गेले होते, तेव्हा लावलं. यंदा पाणी जरा जास्त पडलं त्यात. दिसत नव्हतं नीट मला.

रसिका : बाबा...

गजाननराव : तू एक ओळ सोडली, मी अख्खी किल्ली रंगवली. आता कोण कोणाला रागवणार? वाच काय वाचता येते ते.

रसिका : सहा-सहा आकड्यांचे आठ गट आहेत. पाच स्वच्छ आहेत. उरलेल्या तिन्हींमध्ये एकेक आकडा गेलाय.

मंजू : मी सांगू? इथे पाच टाका. मी पाच वर्षांची आहे.

गजाननराव : तुझ्या पाचाचा नंबर लागला तर लावू, बाई.

रसिका : तीन आकडे, प्रत्येकाचे दहा पर्याय. हजार वेळा टाकून बघावं लागेल. थांबा, मोबाइलवर शोधते. हे बघा, इथे काहीतरी लिहिलंय. 'ह्या किल्लीच्या प्रत्येक गटाला अकराने पूर्ण भाग जातो.'

गजाननराव : अकराने?

रसिका : हो. त्याचा काय उपयोग?

गजाननराव : अगं, मग हजार वेळा काहून? टर्बाइनच्या भागांवरचे नंबर तपासण्यात जन्म गेला माझा. वाच पहिला.

रसिका : चार, एक, गेलेला, आठ, सहा, दोन.

गजाननराव : एक सोडून एक मिळवायचे. एक, आठ, दोन, किती झाले?

रसिका : अकरा.

गजाननराव : आणि चार-सहा दहा. दोन्हीकडे सारखं झालं पाहिजे. म्हणजे गेलेला तो एक. लिही.

रसिका : दुसरा. दोन, सात, पाच, गेलेला, शून्य, तीन.

गजाननराव : दोन-पाच सात, इकडे सात-तीन दहा. सारखं होत नाही. मग अकराचा फरक चालतो. दहात आठ घाल, अठरा. अठरातून सात गेले, अकरा. आठ लिही.

रसिका : बाबा, तुम्ही कॅल्क्युलेटरसुद्धा मागितला नाही.

गजाननराव : विमल मागू द्यायची नाही. तिसरा?

रसिका : सहा, शून्य, नऊ, एक, गेलेला, चार.

गजाननराव : इकडे पंधरा, तिकडे पाच. दहाचा फरक आहे, एक घाल. एकच.

मंजू : पाच कुठेच नाही?

रसिका : आहे गं, दुसऱ्या गटात होता आधीपासून. आजीनेच लिहिला होता. थांब, टाकू दे. मंजू, आबांचा चष्मा आण आतून. बाबा, तुम्ही एकेक वाचा, मी टाकते. सावकाश.

गजाननराव : ...सहा, शून्य, नऊ, एक, एक, चार. झाले आठही.

रसिका : दाबते हं.

गजाननराव : दाब.

मंजू : फूल आले. आजीचे फूल आले.

रसिका : उघडला. बाबा, उघडला. आधी पेन ड्राइव्ह, बाकी सगळं नंतर. नाही, 'नंतर' नाहीच म्हणायचं आता. हे बघा, सोळा फायली. निघाल्या सगळ्या.

गजाननराव : छान झालं. मी चहा ठेवतो.

रसिका : बसा ना. ह्यातली एकही तुम्ही ऐकली नाहीये, हो ना?

गजाननराव : संध्याकाळी उघडून बसतो न रोज.

रसिका : उघडता. ऐकत नाही. मी स्वयंपाकघरातून बघते.

गजाननराव : फुलांचा तो फोटो बघतो. ऐकलं की सगळं ऐकून संपेल, असं वाटते.

मंजू : आबा, माझ्या बाजूला बसा. आई, सोळा नंबरची लाव. ती मी ऐकलीच नाही.

रसिका : लावू, बाबा?

गजाननराव : लाव. पोरगी सांगून राहिली.

विमल (लॅपटॉपमधून) : ...तर मंजू, मोठ्या तलावातलं ते कासव निघालं आपल्या इंद्रपुरी कॉलनीकडे. वाटेत त्याला भेटला भाजीवाला. म्हणाला, कासवदादा, कुठे चाललात? कासव म्हणालं, एका मुलीकडे निरोप न्यायचाय. काय निरोप? तर... अहो, आले, आले. औषधं मला आठवतात, ओरडू नका तिकडून. बघ गं मंजू, हे तुझे आबा. बरं, बाकीची गोष्ट उद्या हं, राणी.

गजाननराव : ओरडलो नव्हतो मी. जोरात बोललो होतो.

रसिका : हो बाबा.

मंजू : आई, पुढची लाव.

रसिका : ही शेवटचीच आहे, सोनू.

मंजू : नाही. आजी म्हणाली, बाकीची उद्या. मग आजीने उद्या कुठे ठेवलाय?