ती उडी मारणारी बाई

(सिॲटल विमानतळाहून बॉथेलकडे निघालेली गाडी. श्रीरंग गाडी चालवतोय. शेजारी त्याची आई पद्मिनी, मागच्या सीटवर पंधरा वर्षांची मुलगी केया.)

श्रीरंग : सामानाचं राहू दे. आधी मला सांग, व्हिडिओतली ती उडी मारणारी बाई कोण होती?

पद्मिनी : कोणता व्हिडिओ?

श्रीरंग : तुझ्या लेकीनं, सुवर्णानं, फॅमिली ग्रुपवर टाकलाय तो. मी मीटिंगमध्ये फोन उघडला, तर एका दगडी खड्ड्यात माझ्या आईसारखी दिसणारी बाई केयाचा हात धरून उडी मारतेय! काळी लेगिंग, निळा टी-शर्ट.

केया : टी-शर्ट नाही बाबा, स्विमिंगचा रॅश गार्ड. माझा होता. आजीला परफेक्ट फिट झाला.

पद्मिनी : आधी हे गाडीचं टुंग टुंग बंद कर नं.

श्रीरंग : तुझा बेल्ट लागलेला नाही म्हणून वाजतंय. आणि विषय बदलू नकोस.

पद्मिनी : लावला बापा. आणि खड्डा नको म्हणू. सेनोटे म्हणतात त्याला. वरचा खडक कोसळला की खालची विहीर उघडी पडते. देवानंच खणलेली. पाणी असं निळं, असं निवळ, की मी नुसती बघतच राहिली. काठावरून मुळ्या लोंबतात, पार पाण्यापर्यंत. तू असतास तर तुझीही बोबडी वळली असती.

श्रीरंग : मला व्हिसाच्या भानगडीत देश सोडता येत नाही, म्हणून मी सुवर्णाला म्हटलं, तू सांता क्लाराहून सीमेपलीकडे टूरला निघतेच आहेस, तर आईला आणि केयालाही घेऊन जा. आई, मी तुला पिरॅमिड बघायला पाठवलं होतं. तळ गाठायला नाही.

पद्मिनी : पिरॅमिडही बघितलं की! सकाळभर तेच. काय लोक होते रे ते! लोखंड नाही, बैल नाही, गाडी नाही, आणि एवढे दगड रचले. वरून नदी नाही, साधा नालाही नाही त्या मुलखात. सगळं पाणी जमिनीच्या पोटात. ते कुठे आहे हे आधी शोधलं, मग तिथे गाव वसवलं. आपल्याकडचे बिल्डर आधी बारा मजले चढवतात आणि मग टँकर बोलावतात.

केया : बाबा, आणि क्लॅपिंग! पिरॅमिडसमोर क्लॅप केलं ना, की एको येतो, एकदम बर्डसारखा. सगळ्यांनी एकदा क्लॅप केलं. आजीनं आरतीचं केलं.

श्रीरंग : आरतीचं?

पद्मिनी : एक टाळी वाजवून काय समजणार? मी तालात वाजवल्या. ते पिरॅमिड तालात चिवचिवलं रे! टेक्सासचे एक गृहस्थ होते, मोठी टोपी घातलेले. तेही वाजवू लागले. मग सगळी बसच.

केया : गाइड म्हणाला, आतापर्यंत असं कोणी केलं नाही. लाझारो नाव होतं त्याचं. ही वॉज सो हॅपी.

श्रीरंग : आणि त्या लाझारोनं एकाहत्तर वर्षांच्या, हृदयात स्टेंट असलेल्या बाईला उडी मारू दिली? त्याचं लायसन कोणी तपासलं होतं का?

पद्मिनी : त्याला बोल लावू नकोस. फार नीट माणूस. सगळ्यांना आधी थांबवलं त्यानं. म्हणाला, क्रीम नाही, सेंट नाही, तेल नाही. आधी धुऊन या, मग पाण्यात. गावातले लोक अजून त्याच पाण्यावर जगतात म्हणे.

केया : आजीनं मॉर्निंगला एवढं कोकोनट ऑइल लावलेलं. मला इतकं ऑकवर्ड झालं. वाटलं, आता आजी माइंड करणार.

पद्मिनी : काहून माइंड करू? आमच्या विहिरीचा तोच नियम होता. माझे बाबा काठावर काठी घेऊन बसायचे. तेलकट डोक्यानं कोणी उतरलं की पाण्यावर तवंग येतो, आणि तेच पाणी संध्याकाळी प्यायचं. पोरं आधी राखेनं डोकी घासायची. मी म्हटलं, इतक्या लांब, परक्या मुलखात, आपल्या बाबांचा नियम सांगणारा माणूस भेटला. मला रडूच आलं बघ.

श्रीरंग : थांब. तू डोक्याचं तेल काढलंस?

पद्मिनी : तीनदा धुतलं.

श्रीरंग : सुवर्णाच्या लग्नात पार्लरवाली केस धुवा म्हणाली, तर तिला हाकललं होतंस तू. दर शुक्रवारी माझ्या डोक्यावर अर्धी बाटली ओततेस. मी पंचेचाळीस वर्षांचा आहे, तरी.

पद्मिनी : पार्लरवालीला केस दिसत होते. याला पाणी दिसत होतं. फरक आहे नं.

केया : बाबा, लेन बदल. आपण तिघं आहोत, कारपूलची लेन चालेल.

श्रीरंग : हो. तुझी सून विनीता घरी भात लावून बसलीये. व्हिडिओ तिलाही दाखवला. ती हसत सुटली. या घरात काळजी करायचं कॉन्ट्रॅक्ट मी एकट्यानं घेतलंय.

केया : काळजीचं काहीच नव्हतं, बाबा. आजीला सगळं येतं. सगळ्या सिनियर्सना लाइफ जॅकेट मस्ट होतं. आजी मला म्हणाली, त्याला ट्रान्सलेट करून सांग...

पद्मिनी : जॅकेट घालून पोहणं म्हणजे छत्री धरून आंघोळ करणं.

केया : मी केलं ट्रान्सलेट. तो खूप हसला. म्हणाला, आधी जॅकेट घालून माझ्याबरोबर एक राउंड. आजी गेली. अर्ध्यातच तो म्हणाला, ओके, ओके, काढा. बाबा, तिचा स्ट्रोक आमच्या कोचसारखा नाहीये, पण पाणी हलतच नाही. आवाजच नाही!

श्रीरंग : आई, तुला पोहता येतं?

पद्मिनी : आता विचारून राहिलास!

श्रीरंग : मी तुझा मुलगा आहे. मला माहीत नको?

पद्मिनी : तू कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. सात वर्षांची होती मी. पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा आणि द्यायचं ढकलून. चार दिवसांत भोपळा सुटला. पाय पोटाशी घेऊन मुटका मारायची तर सगळं पाणी काठावर. आमच्या पंचक्रोशीत माझ्यासारखी पोहणारी पोरगी नव्हती. खोटं नाही सांगत, पोरंही नव्हती.

श्रीरंग : मग पुढे?

पद्मिनी : पुढे लग्न. तुझ्या आजी म्हणाल्या, आमच्याकडच्या सुना विहिरीत उतरत नाहीत. मी म्हटलं, बरं.

श्रीरंग : एवढंच? बरं?

पद्मिनी : तेव्हा दुसरा शब्द कुठे होता आमच्याजवळ? पण मग मी पाण्याकडे फिरकलीच नाही. काठावर उभं राहून बघणं मला जमत नाही. एक तर आत, नाही तर घरी.

श्रीरंग : म्हणून मलाही कधी नाही पाठवलंस. वर्गातली सगळी पोरं टँकवर जायची.

पद्मिनी : तुला नेऊन सोडायचं, म्हणजे काठावर बसणं आलं. मी तुला कॅरमला घातलं.

केया : बाबा कॅरममध्ये चॅम्पियन आहे ना?

श्रीरंग : कॅरमनं कोणी तरंगत नाही, केया.

केया : बाबा, उडीचं सांगू? आजी नव्हती मारणार. मी अडकले. सुवर्णाआत्याचा यशदादा व्हिडिओ घेत होता, मी ऐटीत वर गेले, आणि खाली बघितलं तर बॉटमच नव्हता. आमच्या पूलमध्ये खाली लाइन असते, इथे फक्त ब्लू आणि मग ब्लॅक. माझे पाय फ्रीझ. मागे लोक उभे, सुवर्णाआत्या खालून ओरडतेय, कम ऑन, कम ऑन. मी रडायला लागले होते, बाबा. ते व्हिडिओत कट केलंय.

श्रीरंग : मला हे कोणी सांगितलं नाही.

केया : मग आजी ओल्या पायांनी वर आली. कम ऑन वगैरे काही म्हणाली नाही. म्हणाली, मलाही भीती वाटून राहिली.

श्रीरंग : वाटत होती, आई?

पद्मिनी : पन्नास वर्षांनी उडी मारायची होती. वाटणार नाही? पण पोरगी परत खाली उतरली असती, तर तिनं तीच उडी जन्मभर मनात धरून ठेवली असती. मला माहीत आहे ते कसं असतं. मी म्हटलं, पाय जुळव, खाली नको बघू, समोरच्या मुळ्यांकडे बघ. माझा हात सोडलास तरी चालेल, मी पाण्यात भेटते.

केया : मी सोडला नाही. आणि वर आलो ना आम्ही, तेव्हा सगळी बस क्लॅप करत होती. आरतीचं क्लॅप!

श्रीरंग : अच्छा. तो आवाज तो होता. मला वाटलं, कोणी मदतीला बोलावतंय.

पद्मिनी : किती वेळा बघितलास व्हिडिओ?

श्रीरंग : बघितला. मोजला नाही.

केया : बाबा, एक अजून आहे. रागावू नकोस. मी एअरपोर्टवरून आजीचं नाव टाकलं. आपल्या पूलवर सॅटर्डे मॉर्निंगला सिनियर स्विम असतं.

श्रीरंग : कॅन्सल कर.

केया : बाबा!

श्रीरंग : कॅन्सल कर म्हटलं ना. सुट्टीत एकदा झालं, सुखरूप आलात, संपलं. दर आठवड्याला मी हा जीव टांगणीला नाही लावणार. गेल्या वर्षी बेलव्ह्यूच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिला विचार. मी होतो तिथे. शब्द न् शब्द मी तिला मराठीत सांगितलाय.

पद्मिनी : काय सांगितलंस?

श्रीरंग : रोज चाला. ओझं उचलू नका. गोळ्या चुकवू नका.

पद्मिनी : आणि?

श्रीरंग : आणि काय?

पद्मिनी : श्री, मला इंग्रजी बोलता येत नाही. ऐकता येतं. त्या बाई म्हणाल्या, वॉकिंग, स्विमिंग. दोन बोटांवर मोजून म्हणाल्या. तू मला म्हणालास, आई, चालत जा.

केया : बाबा, एग्झिट.

श्रीरंग : दिसतंय मला. आई, तुझी शपथ, मी मुद्दाम नाही गाळलं. मला वाटलं, हे तुझ्यासाठी नाहीच. त्यांचा तो ठरलेला डायलॉग असेल, सगळ्या पेशंटना सांगत असतील. तुला पोहता येतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं, म्हणून तो शब्द मला ऐकूच आला नाही. तू तेव्हाच का नाही बोललीस?

पद्मिनी : तू घाबरलेला होतास. फाइल उलटी धरलेली. मी म्हटलं, सध्या चालत जाऊ. पोरगा सावरला की सांगू.

श्रीरंग : वर्ष झालं, आई.

पद्मिनी : तू सावरलाच नाहीस नं.

श्रीरंग : पण पोहा म्हणाल्या त्या. उडी मारा नाही म्हणाल्या.

पद्मिनी : उडी ही माझी भर. ती नाही मारणार पुन्हा. पण पाण्यात जाईन, श्री. विचारून नाही राहिली, सांगून राहिली. तुझ्या आजींना बरं म्हटलं, तुला नाही म्हणणार.

केया : आजी! रिस्पेक्ट.

श्रीरंग : त्या व्हिडिओत तू पाण्यातून वर येतेस ना, ते मी परत परत बघितलं. केस मोकळे, तोंडावर पाणी, आणि हसतेयस. असं हसताना मी तुला कधी बघितलं नव्हतं. माझा राग खरं तर त्याचाच होता. मला वाटलं, ही कोण बाई आहे, आणि मी हिला पंचेचाळीस वर्षांत एकदाही का भेटलो नाही. इतकी छान दिसत होतीस तू.

पद्मिनी : समोर बघून चालव.

श्रीरंग : बघतोय. केया, ते शनिवारचं किती वाजता आहे?

केया : नाइन. का? मी कॅन्सल नाही करणार हं.

श्रीरंग : सिनियर लोकांबरोबर मोठ्या माणसांचं काही असतं का? म्हणजे, अजिबात येत नाही अशांचं?

केया : बिगिनर ॲडल्ट? सेम टाइमला असतं, शॅलो साइडला. बाबा, तू? आमच्या स्विम मीट्सना तू लॉबीत बसतोस! काचेच्या मागे!

श्रीरंग : आता माहीत झालं ना, का ते. आई, तू काठावर थांबशील माझ्यासाठी? थोडा वेळ?

पद्मिनी : काठावर नाही. मी पाण्यात असेन. तू उतरून ये.

श्रीरंग : आणि बुडलो तर?

पद्मिनी : कंबरभर पाण्यात? इथे वाळलेला भोपळा मिळतो का गं, केया?

केया : हॅलोवीनला मिळतो. पण पूलमध्ये फ्लोट देतात, आजी. पिंक कलरचा.

पद्मिनी : चालेल. गुलाबी शोभतो याला. आलं नं घर? विनीता दारात उभी आहे बघ.

श्रीरंग : बस तू, मी दार उघडतो. आणखी काही आणावं लागेल का शनिवारी? टोपी, चष्मा, काही?

पद्मिनी : काही नाही रे. फक्त या शुक्रवारी तुझ्या डोक्याला तेल लावायचं नाही.