बाबांची घाई

अगं, बाबांनी मुलुंडची खोली माझ्या नावावर केली ना, त्या दिवशीची गंमत सांगते. मला फिजिओथेरपीचं क्लिनिक काढायचं होतं. मी म्हणत होते, "बाबा, आत्ता नको, लोक काय म्हणतील!" पण ते ऐकतात कुठे? आईला आणि मला घेऊन थेट नोंदणी कार्यालयात.

तिथला क्लार्क कागद बघून म्हणाला, "काका, घाई कशाला? तुमच्यानंतर मुलीला मिळेलच की. आधी दिलं तर म्हातारपणी वाट लागते."

बाबा शांतपणे म्हणाले, "राहतं घर आमच्याच नावावर आहे. ही खोली मला वडिलांकडून मिळाली तेव्हा मी बासष्टचा होतो. हिच्या आईला पस्तिशीत पाळणाघर काढायचं होतं. जागा हातात आली, तोवर आमची नातवंडं शाळेत जायला लागली होती."

आईने बाबांचा चष्मा पुसून त्यांच्या हातात दिला. बाबांनी झोकात सही केली.

क्लार्क शिक्का मारता मारता हळूच म्हणाला, "काका, माझे वडील कांदिवलीला असतात, त्यांच्याही नावावर एक जादा खोली आहे. त्यांना जरा फोनवर समजावाल का?"