अप्पांनी सांगितलेली अमावस्या

रे रोडच्या गॅरेजात रमाकांत आपल्या स्कूटरसाठी ताटकळत बसले होते. शेजारच्या बाकावर एक नवरा-बायको होते. त्यांची गाडी टोचन लावून आणलेली, समोर बॉनेट उघडून उभी होती.

"व्हिडिओ बघून टायमिंग बेल्ट बदलतात का रे, अवधूत? तेही अप्पांच्या गाडीचा?"

"बसवला ना नीट! शनिवारीच चालू करून दाखवणार होतो. अप्पा आडवे आले. म्हणे अमावस्या आहे, चावी लावू नकोस."

"त्यांची गाडी, ते बोलणारच."

"आणि दुसऱ्या दिवशी तू सुरू झालीस, आधी मेस्त्रींना दाखव म्हणून."

"साहेब, इकडे या जरा," मेस्त्रींनी हाक मारली. "इंजिन पान्याने हळूहळू फिरवून बघितलं, मध्येच अडकतंय. बेल्ट तीन दात पुढे बसलाय. सेल्फ मारला होता काय?"

"नाही हो! एकदाही नाही."

"मग वाचलात. व्हॉल्व वाकले असते, अख्खं इंजिन खोलावं लागलं असतं. थांबा, खुणा जुळवून परत बसवतो."

रमाकांतांची स्कूटर तयार झाली, तरी ते जागचे उठले नाहीत.

शेवटी गाडी एका दमात सुरू झाली.

"चालली गं, उर्मिला!"

"ऐकू येतंय मला. अप्पांना फोन लाव आधी. सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही त्यांनी."

"हॅलो अप्पा, वाचली गाडी! तुमच्या अमावस्येनं वाचवली... काय?... बरं, बरं."

"काय म्हणाले?"

"अमावस्या नव्हतीच म्हणे. मी बेल्ट बसवत होतो, ते खिडकीतून बघत होते."