बायकांची गोळी

व्हय, मंगळवेढ्याचं ते आमचंच मालक — त्या बाकड्यावर पटका तोंडावर टाकून निजल्यात बगा. बसा की हितं, पिशवी सरकवते. तुमच्याबी मालकाला स्वादुपिंडाचाच कॅन्सर म्हणा. आन् डाक्टर म्हणले, त्या बनाबाईला इचारा, गोळीनं कसा फरक पडला? इचारा मग — समद्याच इचारत्यात, सांगून सांगून जीभ दमली माझी. त्याचं काय झालं, सलाईनमधनं कॅन्सरचं औषध चढवलं, ते ह्यास्नी सोसंना, माणूस निम्मं झालं. मग डाक्टरांनी गाठीचा तुकडा तपासाय धाडला — म्हणले, गाठीवर हार्मोन धरायच्या जागा घावल्यात, रिसेप्टर म्हणत्यात त्यास्नी. त्या जागा गोळीनं अडवायच्या, म्हंजे गाठीला बळ मिळत न्हाय. गोळी तशी बायकांच्या छातीच्या कॅन्सरची. स्वादुपिंडाला लागू पडंलच असं न्हाय, लई आशा धरू नगा, असं तवाच म्हणले हुते — पर दुसरं हातात काय हुतं? आन् आता परवाच्या फोटोत गाठ हाय तेवढीच! डाक्टरबी खूश. तुमीबी द्या की, देवाचं नाव घिऊन.

काय म्हणला? सलाईन बंद करणार? तुमच्या मालकाला सोसतंय न्हवं ते? — मग? नुसती गोळी? आमच्याकडं बघून? — न्हाय, न्हाय वो ताई, तसं नगा करू. आवो, आमी धनगर माणसं. मेंढा खच्ची करायचं काम जलमभर ह्यांच्याच हातचं — खच्ची केला की मेंढा टक्कर इसरतो, गप खातो आन् अंगानं सुटतो. औषधाच्या दुकानात पोरगी नुसतं म्हणली, 'काका, ही बायकांची हार्मोनची गोळी हाय' — झालं! 'बने, मला खच्ची करतीस व्हय?' म्हणले. लई रडले मी, पाया पडले. तोंडच उघडंना की माणूस.

घेतलीच न्हाय वो त्यांनी. एकबी न्हाय. फडताळात हायत समदी पाकिटं, फोडलीबी न्हाईत. गाठ का थांबली, कुणाला ठावं — आपली थांबली आसंल.

डाक्टरला का न्हाय सांगितलं? कसं सांगू? गाठ वाढली तर ती गोळी हाय घरात, कसंबी करून पोटात घालीन — एवढ्यावरच डोळा लागतो माझा. खरं सांगितलं आन् ते म्हणले, तिचाबी उपेग न्हाय, तर मग माझ्यापाशी ऱ्हायलं काय? लई दमले वो मी. आन् इचारणाऱ्या समद्यास्नी द्या, द्या म्हणत बसले — तुमच्यासारखी अजून कुणी सलाईन सोडली आसंल तर?

तुमचं नाव पुकारलं व्हय? थांबा जरा. आधी मी जाते आत. तुमी ह्यांच्यापाशी बसा — उठले तर पाणी द्या. आन् काय बोलू नगा त्यास्नी.